मढ्याच्या टाळूवरची इंग्रजी

इंग्रजीत मरणासाठी शब्दांची टंचाई नाही. त्यांतले काही सभ्य बैठकीत उच्चारले की भुवया चढतात आणि काही उच्चारले की माना आदराने झुकतात. माझी तक्रार अशी, की भुवया आणि माना दोन्ही चुकीच्या जागी हलतात. 'ही किक्ड द बकेट' म्हणे असंस्कृत. 'कोलॅटरल डॅमेज' मात्र पत्रकार परिषदेत, नकाशापुढे, इस्त्रीच्या गणवेशात उभं राहून म्हणता येतं. बादलीला लाथ मारणाऱ्या शब्दाने आजवर एकही खुनी लपवला नाही. दुसरा पोसलाच गेला त्या कामासाठी.

म्हणून मी या शब्दांची वर्गवारी सभ्य आणि असभ्य अशी करत नाही. शब्द कुणाच्या तोंडून आला, एवढंच बघतो. ज्याच्या स्वतःच्या मानेवर मरण बसलं आहे त्याच्या? की जो मारतो, मरू देतो किंवा मेल्यावर बिल फाडतो त्याच्या?

आधी पहिल्या जातीचे बघू. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने लंडनच्या शिवराळ बोलीचा कोश छापला. चोर, भिकारी, शिपाई, खलाशी जे बोलतात ते विद्वानांच्या कोशात मावत नव्हतं, ते त्याने गोळा केलं. बादलीला लाथ मारणं त्यात आहे. हा शब्द फाशीच्या दोराशी, जहाजाच्या तळाशी किंवा साथीच्या खाटेशी रोज गाठ पडणाऱ्यांचा. त्यांना मरणाचं कौतुक परवडणारं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत बसलेल्या ब्रिटिश शिपायांनी तर असे शब्द पाडायचा कारखानाच काढला. सोबती मेला की तो 'गॉन वेस्ट', म्हणजे मावळतीला गेला. पुरला की 'पुशिंग अप डेझीज', म्हणजे जमिनीखालून फुलं वर ढकलत बसला. फ्रेंच दुकानदारीण 'आता काही शिल्लक नाही' असं जे म्हणायची, ते या पोरांच्या कानांना 'नापू' असं ऐकू आलं. मग बिस्किटं संपली तरी नापू आणि मित्र संपला तरी नापू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जणांनी उड्डाणं केली आणि त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. सकाळी न्याहारीला खुर्ची रिकामी दिसली की उरलेले म्हणायचे, 'गॉन फॉर अ बर्टन'. बर्टन हे बिअरसाठी नावाजलेलं गाव. गडी प्यायला गेलाय, एवढाच निरोप, असा त्याचा एक अर्थ लावतात. उद्या आपलीही खुर्ची रिकामी असेल हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. त्या थट्टेत कुणी कुणाला फसवत नव्हतं.

या सगळ्यावरचं सर्वात नेमकं भाष्य मला एका विनोदी प्रहसनात सापडतं. मॉन्टी पायथन मंडळींचं 'डेड पॅरट' १९६९ साली बीबीसीवर आलं. जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमन यांनी ते लिहिलेलं. दुकानदाराने मेलेला पोपट विकलाय आणि तो झोपलाय असं तो शपथेवर सांगतोय. फसलेलं गिऱ्हाईक संतापून मरणाचे यच्चयावत शब्द त्याच्या तोंडावर फेकतं. माल खपवायचा असतो तो 'झोपलाय' म्हणतो आणि ज्याची फसवणूक झालेली असते त्याची जीभ सुटते. पुढे १९८९ साली चॅपमन कर्करोगाने मेला, तेव्हा स्मरणसभेत क्लीजने त्याच शब्दांची माळ आपल्या मित्राला लावून दाखवली आणि सभा हसली. तिथे बसलेल्यांच्या दुःखाबद्दल कुणाला शंका आली असेल, तर त्याला दुःख कळत नाही.

त्या पोपटवाल्याचे सख्खे भाऊबंद अमेरिकेत भेटतात, अंत्यविधीच्या धंद्यात. मढ्याची पेटी म्हणजे कॉफिन. तो शब्द फार खरा पडला, म्हणून 'कास्केट' आला. कास्केट म्हणजे दागिन्यांचा डबा. नॅथॅनियल हॉथॉर्न हा कादंबरीकार १८६३ सालीच या शब्दावर उखडला होता. अंडरटेकर हा शब्द हलका वाटला, म्हणून १८९० च्या दशकात धंदेवाल्यांनी 'मॉर्टिशियन' पाडला; फिजिशियनशी यमक जुळलं की फीही जुळते. त्याच्या जोडीला 'फ्युनरल डायरेक्टर' होताच. प्रेत ठेवायची खोली 'स्लंबर रूम' झाली, शववाहिका 'कोच' झाली आणि राख 'क्रिमेन्स'. एव्हलिन वॉ यांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या या सोंगावर कादंबरीच लिहिली. जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ साली 'द अमेरिकन वे ऑफ डेथ'मध्ये या शब्दकोशाची आणि त्यामागच्या हिशोबाची साल काढली.

हिशोब सोपा आहे. पेटीच्या भावात घासाघीस करता येते. बापाच्या चिरनिद्रेच्या भावात घासाघीस करणारा पोरगा मात्र स्वतःच्याच नजरेत नालायक ठरतो. शब्द जितका मऊ, तितकी गादी महाग. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपल्याकडेही आहेत, पण ते खाताना ओठ पुसत नाहीत. अमेरिकेत अखेर सरकारला नियम करावा लागला. १९८४ पासून अंत्यविधीच्या दुकानदाराने प्रत्येक गोष्टीची किंमत वेगवेगळी लिहून दाखवली पाहिजे, आणि कायद्याची सक्ती नसताना प्रेतात रसायनं भरण्याची सक्ती आहे अशी थाप मारता कामा नये. जिथे थाप मारू नका असा नियम लागतो, तिथे थापांचा भाव काय असेल ते समजून घ्यावं.

इथे कुणी तरी घसा खाकरून म्हणेलच, की दुःखात असलेल्याला मऊ शब्दाचा आधार लागतो. लागतो ना! नवरा गेलेली बाई 'ही पास्ड अवे' म्हणाली तर तिला व्याकरण शिकवायला जाणारा माणूस गाढव आहे. आपल्याकडेही 'देवाज्ञा झाली' म्हणणाऱ्या माउलीला देवाचा पत्ता कुणी विचारत नाही. मऊ शब्द ही शोक करणाऱ्याची मालमत्ता आहे. ती चोरून जो आपल्या पावतीपुस्तकावर किंवा बंदुकीवर चढवतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. तुमचं दुःख जपण्यासाठी आम्ही असं बोलतो, हे त्याचं म्हणणं तर दुहेरी चोरी आहे.

आता इस्पितळात चला. आपल्या शहरांतल्या डॉक्टरांना मराठीत माणूस मेला असं सांगायची लाज वाटते, म्हणून पेशंट 'एक्स्पायर' होतो. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख उलटावी तसा. आमच्या घरातलं एक माणूस गेलं तेव्हा मी हे उभ्याउभ्या ऐकलं: एक्स्पायर झालेत, बिलिंगला जाऊन या, मग बॉडी मिळेल. तीन शब्द, तीनही इंग्रजी. त्यांत मेलेलं माणूस कुठेच नव्हतं, पैसे देणारं तेवढं होतं.

पण इस्पितळातली खरी चलाखी बघायची तर तिच्या माहेरी, ब्रिटनमध्ये जावं लागतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे 'लिव्हरपूल केअर पाथवे' तयार झाला. हेतू चांगला होता. मरणासन्न माणसाला शुश्रूषागृहात जी शांतता आणि काळजी मिळते ती साध्या वॉर्डातही मिळावी, नळ्या आणि सुयांचा छळ थांबावा, यासाठी ती पद्धत होती. मग ती देशभर पसरली, रकाने भरायच्या फॉर्मात उतरली आणि तिच्या वापरावर इस्पितळांना पैसेही मिळू लागले. 'आम्ही त्यांना पाथवेवर घेतलंय' असं सांगितल्यावर कित्येक घरच्यांना वाटलं, वाट आहे म्हणजे ती बरं होण्याकडे जात असणार. काहींना तर सांगितलंही गेलं नाही. पाण्याचा घोट मागणाऱ्या माणसांना तो नाकारल्याच्या तक्रारी आल्या. २०१३ साली बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीने ही पद्धत गुंडाळायला सांगितली, आणि आयुष्याच्या अखेरीच्या शुश्रूषेत 'पाथवे' हा शब्दच टाळा असंही बजावलं. त्याच देशातल्या कॅथरिन मॅनिक्स या डॉक्टर बाईंनी शेकडो मरणं जवळून पाहिली आणि त्या सांगत राहिल्या, की 'मरतोय' हा शब्द वापरा. वापरला नाही तर निरोप घ्यायचा राहून जातो. जी नर्स हात धरून 'आजोबा आता जातील, जवळ बसा' म्हणते, तिच्या घरी मी पाणी भरेन. पाथवेवर सही मागणाऱ्याला मी सही देणार नाही.

आणि आता सरकारं. धंदेवाला मढ्यावर पांघरूण घालतो. सरकार आधी मढं पाडतं, मग शब्द विणतं. खंदकातला शिपाई नापू म्हणत होता, तेव्हा त्याच सैन्याच्या मागच्या कचेरीत रोजच्या मेलेल्या-जखमींसाठी 'वेस्टेज' हा शब्द होता. नासाडी. गोदामातल्या धान्याची होते तशी. मेसोपोटेमियात कुतला वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींचे जवानही त्याच साहेबांच्या वह्यांत जमा होत होते. कोकणातल्या, घाटावरच्या घरांत कर्ता मुलगा गेला; वहीत नासाडी झाली.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नेटिव्ह पोलिसांनी एकोणिसाव्या शतकात मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर गोळ्या घातल्या आणि अहवालात लिहिलं, 'डिस्पर्स्ड'. पांगवलं. वाचणाऱ्या वरिष्ठांना अर्थ नीट ठाऊक होता, फक्त कागदाला ठाऊक नव्हता. ही परंपरा फार मागची आहे असं कुणी समजू नये. १९८४ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ठरवलं, की मानवी हक्कांच्या अहवालांत 'किलिंग' लिहायचं नाही, 'जीविताचं बेकायदा किंवा मनमानी हरण' अशा अर्थाचं लांबलचक भेंडोळं लिहायचं. मित्रदेशांची सरकारं माणसं मारत होती, आणि मित्राला खुनी म्हणणं वाईट दिसतं. तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेने या कामगिरीबद्दल खात्याला दुटप्पी भाषेचा पुरस्कार दिला. शिक्षकांचं एवढं एक पुण्य मी मान्य करतो.

'कोलॅटरल डॅमेज' हा शब्द १९९१ च्या आखाती युद्धात टीव्हीवरून घराघरांत शिरला. नेम भलतीकडे होता, माणसं आनुषंगिक मेली, असा त्याचा भाव. त्या युद्धातून पदक घेऊन एक अमेरिकन जवान घरी परतला, टिमथी मॅकव्हे. १९ एप्रिल १९९५ ला त्याने ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बने उडवली. १६८ माणसं मेली, त्यांत १९ मुलं. मुलांबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, कोलॅटरल डॅमेज. देश हादरला. मला हादरणाऱ्यांचं नवल वाटतं. शब्द सरकारचा, प्रशिक्षण सरकारचं, सोयही तीच. फक्त या वेळी मेलेली पोरं आपली होती.

आपण मुंबईकरांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. 'एन्काउंटर' हा साहेबाच्या भाषेतला शब्द आपण किती मायेने वाढवला! ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांकडून मारला गेला, तो मुंबईचा पहिला एन्काउंटर म्हणून सांगितला जातो. पुढे त्यावर सिनेमे निघाले, 'स्पेशालिस्ट' निघाले, त्यांच्या मुलाखती निघाल्या. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ एन्काउंटरांचा आणि सुमारे १३५ मृत्यूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सोळा सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, घटनेनंतर लगोलग बढत्या आणि बक्षिसं वाटू नका. बढत्या-बक्षिसांची सूचना द्यावी लागली, यातच शब्दाची कमाई कळते. गंमत अशी, की 'त्याचा एन्काउंटर केला' असं आपण बेधडक बोलतो. चकमक दोघांची होते, 'केला' मात्र एकट्याचं असतं. शब्द झाकायला आणला होता. मराठी क्रियापदाने तो चौकात उघडा पाडला.

यावर उपाय विचाराल तर माझ्याकडे एक जुना दाखला आहे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. जमाव पांगेपर्यंत गोळीबार केला, असं जनरल डायरचं म्हणणं. नोव्हेंबरात लाहोरला चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे तो बसला. गोळी न झाडता कदाचित पांगवता आलं असतं, पण लोक परत येऊन मला हसले असते, असं त्याने तिथे कबूल केलं. समितीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी शब्दांच्या कुंपणाला हातच लावला नाही. बागेकडे जाणारा बोळ अरुंद होता, म्हणून चिलखती गाड्या बाहेर राहिल्या होत्या. सेटलवाडांनी विचारलं, बोळ रुंद असता तर त्या आत नेऊन मशिनगन चालवल्या असत्यात का? डायर म्हणाला, बहुधा हो. त्या एका उत्तराने 'पांगवणं' मेलं.

असा प्रश्न विचारायला इंग्रजी फर्डी यावी लागत नाही. समोर डॉक्टर असो, फौजदार असो की मंत्री, त्याच्या खुर्चीला न बिचकता 'मेला की मारला? कुणी? कशाने?' एवढं विचारता आलं पाहिजे. उत्तरात मऊ शब्द आला, तर प्रश्न पुन्हा विचारायचा.