कपाट कोणाचें?

वाशी-नेरुळकडे नवें बिऱ्हाड थाटणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं कपाट घेत नाहींत, ‘वॉर्डरोब’ घेतात. डिसेंबर २०२० मध्यें तुर्भे येथें ‘आयकिया’चें प्रचंड दुकान उघडल्यापासून तर जुन्या शब्दाचा संकोच अधिकच वाढलेला दिसतो. वस्तूस नवें नांव मिळालें म्हणून आमचा जीव खालींवर होत नाहीं. आमचा आक्षेप त्यामागील लाजेवर आहे. ‘कपाट’ हा इंग्रजी ‘कबर्ड’चा अडाणी अपभ्रंश, मग शुद्धच कां बोलूं नये, असें चांगले पदवीधर म्हणतात, आणि बोलण्यांत ‘कबाट’ हें जें रूप ऐकूं येतें तें पुरावा म्हणून पुढें करतात.

या विद्वानांनीं अमरकोश उघडावा. तेथें ‘कपाट’ व ‘अरर’ हे शब्द समानार्थी दिले असून पाठोपाठ अर्गलेचा, म्हणजे अडसराचा, उल्लेख येतो. कपाट म्हणजे दाराची झडप. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत कालिदासानें तरुण रघूच्या छातीस कपाटाची उपमा दिली आहे; ती दाराच्या रुंद फळीची, कपडे ठेवण्याच्या कपाटाची नव्हे! बदरीनाथाचे ‘कपाट’ उघडल्याची वार्ता दरवर्षीं उत्तरेकडून येते, तेव्हां देवाचे दागिने बाहेर काढले असें आमच्या मुलांना वाटलें तर त्यांचा काय दोष? वटाचा वड, दीपाचा दिवा, त्याच चालीनें कपाटाचें कवाड झालें आणि तें खेड्यापाड्यांत अजून करकरतें आहे. तद्भव शब्द उंबऱ्यापाशीं राहिला. तत्सम शब्द आंत शिरला आणि दारें लावलेल्या फडताळाचें नांव होऊन बसला. या अर्थपालटास इंग्रजी शब्दाच्या उच्चारसाम्याची फुंकर मिळाली असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण फुंकर घालणारा कांहीं बाप नव्हे.

दुसरा पक्ष याहून वाईट, कारण तो स्वतःस आमच्या बाजूचा म्हणवितो. इंग्रजांनीं ‘कबर्ड’ संस्कृतांतूनच उचलला, असें तो छातीठोकपणें सांगतो. ‘कप’ म्हणजे पेला, ‘बोर्ड’ म्हणजे फळी. पेले मांडण्याची उघडी फळी, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. तिला दारें मागाहून लागलीं. एक शब्द फळीकडून आला, दुसरा दाराकडून, आणि दोघांची गांठ एकाच वस्तूपाशीं पडली. यांत चोरी कोणाचीच नाहीं.

हिंदींतील ‘अलमारी’ पोर्तुगीज ‘आर्मारियो’वरून आली, आमची खुर्ची अरबी ‘कुर्सी’वरून. खुर्ची आमच्या घरांत सुखानें नांदते. तिला हांकलण्याचा आमचा आग्रह नाहीं. उलट, १९२३ पासून गोदरेजनें लोखंडी कपाटें बनविण्यास आरंभ केला, तेव्हां मराठी माणसानें त्यांनाहि बेलाशक कपाटच म्हटलें. लांकूड गेलें, शब्द राहिला. मग भिंतींत बसविलेल्या सरकत्या दारांच्या वस्तूसमोरच तो कां थिजावा? भिंतींतली आणि दारांची, अशी ही वस्तु तर जुन्या कपाटाच्याच अधिक जवळची. सुतारानें दरपत्रकावर काय लिहावें तें त्याचें तो पाहील. घरांतील आईनें मुलाला ‘कपाट लाव’ म्हणावयास कां लाजावें?