दोष वैमानिकांचा, पण तेवढाच?

‘चरखी दादरीची टक्कर म्हणजे कझाक वैमानिकांचा निव्वळ हलगर्जीपणा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी त्यांना १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. तरीही ते खाली उतरले आणि १४ हजार फुटांवरच्या सौदी जम्बो विमानाला धडकले. ३४९ जणांचा बळी गेला. न्या. लाहोटी आयोगानेही ठपका त्यांच्यावरच ठेवला, हे मान्य.

पण कझाक वैमानिकांच्या त्या इल्युशिन विमानात दिल्लीच्या हवाई नियंत्रकाशी बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरपुढे स्वतःचा उंचीमापकच नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडा वाचावा लागे. दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते कळे, किती उंचीवर आहे ते कळत नसे. येणारी-जाणारी विमाने एकाच हवाई मार्गाने सोडली जात. उंची दाखवणारे रडार, वेगळे मार्ग आणि टक्कर टाळण्यासाठी कॉकपिटमध्येच इशारा देणाऱ्या टीकॅस यंत्रणेची सक्ती, हे सारे त्यानंतर आले. वैमानिकांवर खापर फोडून फाइल बंद केली असती, तर यातले काय झाले असते, याचा पत्रलेखकाने विचार करावा.

– एक वाचक, सातारा