पाण्याचा हिशेब कोण शिकवणार?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला तांदुला जलाशयाचे पाणी मिळते. दुर्ग-बालोद परिसरातील भातशेतीही त्याच पाण्यावर पोसली जाते. छत्तीसगड सरकारने २०२३-२४च्या हंगामात धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये दिले. मात्र ते पिकवताना खर्ची पडलेल्या पाण्याचे मोल त्या दरात उमटत नाही. हा हिशेब मांडणारी विद्याशाखा म्हणजे कृषी व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्र.

तिच्या दाराशीच अडसर आहे. बहुतेक कृषी विद्यापीठांत कृषी अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.साठी कृषी पदवी लागते. अर्थशास्त्राचा पदवीधर एम.ए.कडे वळतो आणि शेतापासून दुरावतो. वास्तविक अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून केलेली गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी १९४८ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

माझ्या मते, रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आणि भिलाईची आयआयटी यांनी संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. प्रवेश दोन्ही शाखांना खुला असावा. प्रबंध तांदुल्याच्या कालव्यांवर व्हावेत. पाऊस ओढ देतो, तेव्हा कारखाना आणि शेत यांच्यातील वाटप वजनाने नव्हे, हिशेबाने ठरायला हवे. त्यासाठी तो हिशेब जाणणारी माणसे आधी घडवावी लागतील.