समितीचा खर्च कोणी सोसावा?

घोडेगावच्या उपबाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या वाचकास ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. काटा तपासण्यास आलेला निरीक्षक व्यापाऱ्याच्याच गाडीतून उतरला, त्याच्याच घरी जेवला आणि मग काट्यापुढे उभा राहिला, तर त्याच्या तपासणीवर कोण विश्वास ठेवील? विधिमंडळाच्या समित्यांचा खर्च कोण करतो, हा प्रश्न याच प्रकारचा आहे.

विधिमंडळाची अधिवेशने वर्षातून थोडेच दिवस भरतात. सरकारचा पैसा कोठे गेला, हे बारकाईने पाहण्याचे काम लोकलेखा समिती, अंदाज समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती अशा समित्या करतात. त्या कागद मागवितात, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतात, जिल्ह्यांत दौरे काढतात आणि सभागृहास अहवाल देतात. आपण बौद्ध झालात म्हणून यांतील शेवटच्या समितीशी आपला संबंध तुटला, असे कोणी सांगेल तर मानू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क केंद्रानेही मान्य केला आहे. रमाई आवासाचा हप्ता अडला, वसतिगृहाची दुर्दशा झाली, तर ते गाऱ्हाणे या समितीपुढे अवश्य मांडावे.

आता धुळ्याचे प्रकरण पाहा. मे २०२५ मध्ये अंदाज समिती तेथे दौऱ्यावर असताना गुलमोहर शासकीय विश्रामगृहातील एका कुलूपबंद खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. माजी आमदार अनिल गोटे यांनी त्या खोलीबाहेर ठाण मांडले होते. खोली समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावे होती. अध्यक्षांनी आरोप नाकारले आणि चौकशी विशेष तपास पथकाकडे सोपविण्याची घोषणा झाली. दोषी कोण, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु ज्यांची तपासणी व्हावयाची त्यांच्याच खिशातून तपासणाऱ्याची सरबराई होत असावी, अशी शंका जनतेस सहज येते, हेच पुरेसे गंभीर आहे.

वास्तविक घटनेने ही सोय करून ठेवलेली आहे. अनुच्छेद १८७ विधिमंडळास स्वतंत्र सचिवालय देतो. अनुच्छेद १९५ सदस्यांचे वेतन व भत्ते कायद्याने ठरवितो. समितीचा सदस्य कोणाचा पाहुणा नसतो. त्याच्या जेवणाचा भार तहसीलदाराने, ठेकेदाराने वा गावाने उचलण्याचे कारणच नाही.

मग दौरेच बंद करा, असे म्हणणारे आहेत. ते आम्हास मुळीच मान्य नाही. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. (ती समिती सरकारने नेमलेली होती, विधिमंडळाची नव्हे, तरी काम याच जातकुळीचे.) काम संपल्यावर परतीच्या वाटेवर धुळे मार्गावरील एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यास ते मुद्दाम उतरले. चाळीसगावी टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकण्यास तयार होईना, म्हणून न शिकलेल्या माणसाने टांगा हाकला. बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. मुंबईत बसून केलेल्या चौकशीस असला बहिष्कार कधी दिसला असता काय?

तेव्हा आमची मागणी खर्च कमी करण्याची नसून तो वाढविण्याची व उघड करण्याची आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसली की समित्यांच्या खर्चाचा ठराव होतो. समितीचे अध्यक्ष व विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य आपापल्या गरजा मांडतात. त्यातून हिशेब जाणणारे, कायदा जाणणारे कर्मचारी ठेवता येतात. आपल्याकडे याचीच वाण आहे. धुळ्याच्या प्रकरणाच्या त्याच मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेसाठी महिला व बालविकास विभागाकडे वळविण्यात आले. असा निधी कोणत्या शीर्षाखालून निघाला व कोणत्या शीर्षाखाली गेला, हे शोधण्यास अर्थसंकल्पाची पुस्तके वाचणारा माणूस लागतो. असा माणूस फुकट मिळत नाही.

समिती नेवाशास आली, तर स्वागतासाठी वर्गणी देऊ नका, हारतुरे नकोत. आपले म्हणणे लेखी, तारीख घालून द्या व पोच घ्या. दौरा आटोपल्यावर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे व विधानमंडळ सचिवालयाकडे अर्ज करा: निवास, भोजन व वाहने यांवर किती खर्च झाला, तो कोणत्या लेखाशीर्षातून झाला आणि देयके कोणाच्या नावे निघाली.