रुपयाचा भाव आणि आमचा पगार

१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असे आमचे पुष्कळ कामगार बंधू छातीठोकपणे सांगतात. हे खरे नाही. त्या वेळी रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरला, म्हणजे एक पौंड १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या हिशेबाने डॉलर सुमारे ३ रुपये ५ आण्यांना पडत होता. खोटा आकडा घेऊन वाटाघाटीला बसलो, तर समोरचा हिशेबनीस पहिल्याच वाक्यात आपल्याला गप्प करतो, म्हणून हे आधी सांगितले.

खरा इतिहास रेल्वे कामगाराला जास्त जवळचा आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या जी.आय.पी. कंपनीचे भांडवल लंडनमध्ये उभे राहिले होते. भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती आणि ते व्याज पौंडात द्यायचे होते. आमचा रुपया चांदीचा, त्यांचा पौंड सोन्याचा. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत. पुढे चांदी घसरत गेली आणि १८९४-९५ पर्यंत रुपया १ शिलिंग १ पेन्सवर आला. पूर्वी दहा रुपयांत जो एक पौंड फिटे, त्याला आता अठरा रुपयांच्या वर मोजावे लागले. साहेबाचे पौंड तेवढेच राहिले, वाढले ते आमच्या लोकांनी भरायचे रुपये. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोनवरून अडीच रुपये झाला, त्यामागे ही विनिमयातली तूट हे एक कारण होते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. रुपया घसरल्याने विलायतेला पैसे पाठवणे महाग पडते, अशी गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओरड केली आणि १८९३ मध्ये त्यांना विनिमय भरपाई भत्ता मिळाला. मीठ महागले म्हणून हिंदी खलाशाला वा गँगमनला कसली भरपाई मिळाली नाही. रुपया पडला तर पगार सावरून धरला पाहिजे, हे तत्त्व सरकारला तेव्हापासून मान्य आहे. प्रश्न फक्त कोणाचा पगार, एवढाच होता!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर नेमके बोट ठेवले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. मुंबईच्या व्यापारी व गिरणीमालक वर्गाला रुपया स्वस्त, म्हणजे १ शिलिंग ४ पेन्सचा हवा होता. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे की, चलन घसरले की भाव लगेच चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. निर्यातदाराला जो जादा नफा दिसतो तो मजुराच्या खिशातून आलेला असतो. महाग रुपयाने शेतमालाला भाव कमी मिळतो, ही दुसरी बाजूही होती आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तरी पगारावर जगणाऱ्याच्या बाजूने हा हिशेब इतका स्वच्छ मांडलेला आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाही उतरला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या भावाला गेला. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही. त्यांचे शंभर रुपये आपल्या १४४ रुपयांचे झाले, व्यापार अडला आणि बंगालच्या ताग गिरण्यांना कच्चा माल मिळेना. ६ जून १९६६ ला डॉलर एकदम साडेसात रुपयांवर नेला गेला. युद्ध, दुष्काळ आणि परकीय मदतीची अडवणूक अशा कोंडीत इंदिरा गांधींच्या सरकारने तो निर्णय घेतला. मग १९९१. सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण पडले. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत अवमूल्यन होऊन डॉलर २१ वरून २६ रुपयांच्या आसपास पोहोचला. २९ नोव्हेंबरला देशभर संप झाला, तो याच धोरणाविरुद्ध. मार्च १९९३ पासून भाव बाजारावर सोडला गेला. आता अवमूल्यनाची घोषणा होत नाही, रुपया रोज थोडा थोडा झिजतो आणि डॉलर ८० च्या पुढे गेला तरी त्याची तारीख कोणाला सांगता येत नाही.

घसरण टाळताच येत नाही, असे अर्थतज्ज्ञ म्हणतात. तो वाद आम्ही त्यांच्यावर सोडतो. देश आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक बाहेरून आणतो. डॉलर चढला की तेलाचे बिल चढते, ट्रकचे भाडे चढते, मग भाजी आणि डाळ. आमचा महागाई भत्ता मात्र बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकावर, वर्षातून दोनदाच, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. आदेश निघायला आणखी काही आठवडे जातात. बाबासाहेबांनी सांगितलेले रेंगाळणे ते हेच. २०२० मध्ये तर केंद्र सरकारने भत्त्याचे लागोपाठ तीन हप्ते गोठवले आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी भगिनींचे काय, त्यांना किमान वेतनावरचा बदलता भत्ता तरी पुरा मिळतो का, हे शाखांनी वेतनपत्रके मागवून स्वतः तपासावे.

बँकेतल्या बंधूंचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. रेल्वे कामगाराने सहा महिने का थांबायचे, याचे लेखी उत्तर प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत प्रशासनाकडे मागावे.