स्लॅबमधला चोर



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. दगडासारखा टणक, वर चढून दहा जण नाचले तरी हालत नाही, पण पावसाच्या थेंबाला काही अडवू शकत नाही. सांगा पाहू कोण?

ओळखलंत ना? आपल्या घराचा स्लॅब! पावसाळा आला की किती घरांत बादल्या, गंज, पातेली मांडून ठेवावी लागतात. ‘टप... टप... टप...’ असं संगीत रात्रभर चालू! आमच्याही घरी चालायचं.

22 जुलै 2023 चा पाऊस यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांच्या चांगलाच लक्षात असेल. महागाव तालुक्यात तर पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली होती. त्या रात्री आमच्या लोहाऱ्याच्या घरात पंख्याच्या कडीजवळून पाणी टपकू लागलं. माझ्या मुलीनं विचारलं, “आई, स्लॅब तर सिमेंटचा आहे. मग पाणी आत आलं कुठून?”

प्रश्न चांगला होता. पण मी काय केलं? पाऊस गेला, डाग वाळला आणि दिवाळीला त्यावर मस्त रंग देऊन टाकला. झालं! दुखणं झाकलं, बरं केलं नाही. त्याची शिक्षा पुढच्या एप्रिलमध्ये मिळाली. भरदुपारी छताचा एक मोठा पोपडा धाडकन खाली पडला, तो थेट मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर. ती नुकतीच हात धुवायला उठली होती, म्हणून बरं. वर पाहिलं, तर स्लॅबमधली लोखंडी सळई दिसत होती. लालभडक गंजलेली!

तेव्हा मात्र मी मुलीचा प्रश्न गंभीरपणे घेतला. चला, आता आपण मिळून उत्तर शोधू.

आधी एक प्रयोग करा. बशीत थोडी शाई ओता आणि तिच्यात खडू उभा करा. काय दिसतं? शाई हळूहळू खडूच्या अंगातून वर चढते. खडूत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, त्यांतून ती वाट काढते. काँक्रीटही असंच असतं. सिमेंट, वाळू, गिट्टी कालवताना घातलेलं जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना बारीक बारीक वाटा मागे ठेवतं. पाणी वाहून गेलं, तर ते या वाटांत फारसं शिरत नाही. पण गच्चीवर डबकं साचलं, तर त्याला आत झिरपायला भरपूर वेळ मिळतो.

दुसरं कारण म्हणजे आपलं ऊन. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा बरं! दुपारी स्लॅब तापून फुगतो, पहाटे निवून आकसतो. 10 मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान 30 अंशांनी वाढलं, तर त्याची लांबी सुमारे 3 मिलिमीटरनं वाढते. तुमच्या पट्टीवरची तीन बारीक घरं! तुम्हाला वाटेल, एवढंसंच? पण हे रोज होतं, वर्षानुवर्षं होतं. खालची भिंत त्याच्याइतकी तापत नाही, म्हणून ती त्याच्याबरोबर सरकत नाही. मग कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात, त्या सांध्यात चीर पडते. त्यात आपल्याकडची काळी माती! पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया पुरेसा भक्कम नसेल, तर भिंतीही तडकतात.

तिसरं कारण आपण स्वतः! गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा साचू देतो. टीव्हीच्या छत्रीसाठी नाहीतर मांडवासाठी भोकं पाडतो आणि बुजवायला विसरतो. कोपऱ्यात पिंपळाचं गोजिरवाणं रोप उगवतं, त्याकडे कुणी बघत नाही. मुळं मात्र चिरेत शिरून तिला रुंद करत राहतात.

पाणी एकदा आत शिरलं, की सळईपर्यंत पोहोचतं. लोखंड गंजतं. गंमत म्हणजे गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्याला जागा हवी, म्हणून तो खालच्या काँक्रीटला ढकलतो आणि पोपडा सुटतो. आमच्या टेबलावर जे पडलं, ते काही एका रात्रीत घडलं नव्हतं.

आम्ही एका जुन्याजाणत्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. मी पंख्याच्या वरची जागा दाखवली. ते हसून म्हणाले, “पानी जिथं टपकते ना बाई, तिथूनच घुसते असं नाही. हा चोर एका दारानं येते अन् दुसऱ्याच खिडकीतून निघते.” खरंच आहे. पाणी चिरेतून आत येतं, स्लॅबमधून, विजेच्या तारांच्या नळीतून सरपटत जातं आणि सोयीची जागा मिळेल तिथे टपकतं.

मग चोर पकडायचा कसा? काकांनी पाइपाचं तोंड बोळा कोंबून बंद केलं. मातीचे छोटे बांध घालून गच्चीचे चार भाग केले आणि एकेका भागात दोन-दोन इंच पाणी साठवून ते एक दिवस तसंच ठेवलं. तीन भाग पास झाले. चौथ्या भागात पाणी भरलं आणि संध्याकाळी खाली ओल दिसली! चोर पंख्यापासून आठ फूट लांब होता. कठड्याच्या सांध्यात, अगदी त्या पिंपळाच्या रोपापाशी. (हे पाणी आम्ही वाया घालवलं नाही हं. एका भागातलं पुढच्या भागात आणि शेवटी झाडांना.)

आता दुरुस्ती. आईबाबांनाही हा भाग वाचून दाखवा.

रोप मुळासकट काढलं. नुसतं वरून तोडलं, तर ते पुन्हा फुटतं. चीर छिन्नीनं थोडी रुंद केली, ब्रशनं धूळ झाडली. ती साध्या सिमेंटनं भरली असती, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तडकली असती, कारण स्लॅब हलतो आणि सिमेंट हलत नाही. म्हणून रबरासारखा लवचीक मसाला भरला. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल उतार केला, त्याला ‘वाटा’ म्हणतात. काटकोनात पाणी रेंगाळतं, वाट्यावरून घरंगळतं. हा वाटा ओल्या पोत्यांखाली सात दिवस भिजत ठेवला. आपल्या उन्हात सिमेंटला पाणी पाजलं नाही, तर ते कच्चं राहतं.

मग ढाळ तपासला. गच्ची सपाट दिसली तरी ती सपाट नसावी. दर 10 फुटांमागे एक ते सव्वा इंच उतार पाइपाकडे हवा. आमच्याकडे एका जागी खळगा होता, तो भरून घेतला. शेवटी पूर्ण गच्ची धुऊन, वाळवून पाणी अडवणाऱ्या लवचीक रंगाचे दोन हात दिले. पहिला आडवा, दुसरा उभा, आणि सांध्यांवर मध्ये जाळीचं कापड. रंग मुद्दाम पांढरा घेतला. पांढऱ्यावर ऊन परततं, स्लॅब कमी तापतो आणि कमी ताणला जातो.

खालच्या गंजलेल्या सळईलाही विसरलो नाही. सुटं काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशनं गंज घासून, गंजरोधक लावून मग मसाला भरला. पण लक्षात ठेवा, बऱ्याच सळया उघड्या पडल्या असतील किंवा स्लॅब झुकलेला वाटत असेल, तर तो मिस्त्रीचा नाही, इंजिनिअरचा प्रश्न आहे. आणि गळती पंख्याजवळ असेल, तर आधी मोठ्यांना सांगून मेन स्विच बंद करायचा. ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही.

आपले पूर्वजही काही कमी नव्हते बरं का! चुना आणि विटांचे तुकडे कालवून ते गच्चीवर कोबा करत. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत आणि लाकडी थापीनं दिवसचे दिवस ठोकत. मराठवाड्यातल्या माळवदांवर पांढऱ्या मातीचा थर असे आणि तो पावसाळ्याआधी नीटनेटका करत. आमच्या सासूबाई म्हणतात, “कवेलूचं घर होतं तेव्हा मृगाच्या आधी कवेलू फेरायचेच. स्लॅब आला अन् सगळे निवांत झाले!” चूक इथेच झाली. स्लॅब मजबूत असला, तरी तोही देखभाल मागतो.

आता तुमचा गृहपाठ. एक गणित सोडवा. गच्ची 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तर गच्चीवर किती पाणी पडेल? उत्तर : 54,000 लिटर! 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटली, तेव्हा यवतमाळकर एकेका गुंडासाठी रांगेत उभे होते, हे घरच्यांना विचारा. गच्चीवरचं पाणी घरात टपकू द्यायचं, की पाइपानं गाळणखड्ड्यातून विहिरीकडे, बोअरकडे न्यायचं, ते आपणच ठरवायचं.

दुसरा गृहपाठ सोपा आहे. मृग लागायच्या आत मोठ्या माणसाला सोबत घेऊन (एकट्यानं मुळीच नाही!) गच्चीवर जा. पाइपाचं तोंड मोकळं आहे का? कुठे रोप उगवलंय? सांध्यात चीर दिसते? खाली येऊन छत पाहा. पिवळा डाग, फुगलेला रंग दिसतो का? वहीत लिहा आणि बाबांना दाखवा. ते म्हणाले, “दिवाळीला रंग देऊ,” तर आमच्या टेबलाची गोष्ट त्यांना सांगा.

आमच्या टेबलावर त्या पोपड्याचा खड्डा अजून आहे. मुलीनं तो बुजवू दिला नाही. म्हणते, “आई, हा असू दे. तुझ्या लक्षात राहील!”

तुमची,
बाई