टेम्प्लेट कुणासाठी?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो! पण हे मराठीतच सांगायला हवं, कारण माझी चूक मराठीतच झाली.

यंदा गॅदरिंगच्या फिल्मसाठी मी आफ्टर इफेक्ट्समध्ये नावाची पट्टी बनवली. पडद्यावर खालून सरकत येते, नाव दाखवते आणि जाते, ती. ज्युनिअर्सना आफ्टर इफेक्ट्स येत नाही, म्हणून २०१७ साली त्यात आलेल्या इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमधून मी तिची मोगर्ट फाइल करून दिली. ती प्रीमियर प्रोमध्ये घ्यायची, नाव टाइप करायचं, झालं काम. निदान मला तसं वाटलं!

त्याच कार्यक्रमात आमच्या मेसच्या मावशींचा निरोप होता. फिल्म सुरू झाली, पट्टी आली... आणि नाव अर्धंच! आडनाव गायब, वरचा रफार आणि खालचा उकार कापलेला. हॉल हसला. मावशी पदर सावरून गप्प बसून राहिल्या.

मी ज्युनिअरवर चिडले, "साधं नाव नीट टाकता येत नाही?" ती बिचारी म्हणाली, "ताई, पॅनेलमध्ये २३ कंट्रोल्स होते. त्यातला कुठला फिरवायचा?"

रात्री फाइल उघडली तेव्हा कळलं, चूक तिची नव्हतीच. मी टेस्टिंग केलं होतं ते माझंच नाव इंग्रजीत टाकून. दोन छोटे शब्द, मस्त बसले! पण आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन शब्द असतात. शिवाय मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते. माझा मास्क इंग्रजी अक्षरांच्या मापाचा होता.

मग दुरुस्ती केली. नाव लांबलं की पट्टीही लांबेल असं एक्स्प्रेशन लिहिलं, मास्क उंच केला. २३ कंट्रोल्सचे ४ केले: नाव, हुद्दा, रंग, बाजू. 'स्लायडर कंट्रोल ३' असली नावं काढून टाकली. पट्टीच्या येण्या-जाण्याचा भाग प्रोटेक्टेड केला, म्हणजे क्लिप कितीही ताणली तरी तेवढ्या भागाचा वेग तोच राहतो.

माझं स्पष्ट मत आहे, "युजरला कळत नाही" हे वाक्य आपण इंजिनिअर लोकांनी बोलणं बंद करावं. कंट्रोल्स जास्त म्हणजे टेम्प्लेट भारी, हा आपला गैरसमज आहे. वापरणाऱ्याला काय लागणार नाही हे ठरवणं, हेच खरं डिझाइन. आणि टेस्टिंग कसं करायचं? ज्याने ते कधीच पाहिलं नाही त्याच्या हातात द्या, सगळ्यात लांब नाव टाकायला सांगा आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघत बसा. तो जिथे अडेल, तिथे तुमचं काम बाकी आहे.

मावशींना दुरुस्त केलेली फिल्म पाठवली. "छान झालीय गं," म्हणाल्या. पण हॉलमधला तो क्षण काही पुन्हा रेंडर करता येत नाही. म्हणून सांगते, पुढचं टेम्प्लेट बनवाल तेव्हा आधी आपल्या मेसमधल्या एखाद्या मावशीचं पूर्ण नाव त्यात टाकून बघा. पटतंय ना?